त्याच क्रमांकाखाली

घटनाक्रम आधी नोंदवतो. रागाला नंतर पुरेशी जागा आहे.

राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. माझी मुलगी ज्या कंपनीत संगणक अभियंता आहे, तिथल्या तुकडीप्रमुखांनी सकाळच्या बैठकीत सांगितले, की कंपनीच्या भांडाराचे कुलूप घाईचे काम संपेपर्यंत उघडेच ठेवावे. जबाबदार: तुकडीप्रमुख.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदला शुक्रवार. माझ्या मुलीने लिहिलेला एक घटक त्या भांडारातून काढून त्याच क्रमांकाखाली दुसराच ठेवण्यात आला. जबाबदार: ज्याच्या हातून हे झाले तो सहकारी, त्याला स्वतःची किल्ली न देणारे तुकडीप्रमुख, आणि आपली किल्ली त्याला वापरू देणारी माझी मुलगी. ती माझी मुलगी आहे म्हणून तिला या यादीतून वगळण्याचा अधिकार मला नाही.

ईस्टरनंतरचा मंगळवार. संपूर्ण कंपनीच्या सभेत चुकीचा अहवाल वाचला गेला आणि त्यात माझ्या मुलीचे नाव घेण्यात आले. जबाबदार: तुकडीप्रमुख, एकटे.

त्यानंतरचा सोमवार. तो अहवाल गुपचूप बदलण्यात आला. जबाबदार: पुन्हा तेच, आणि हे ठाऊक असूनही गप्प बसलेले सर्व.

यादी इथे संपते. आता ज्याला या व्यवसायाची काहीच माहिती नाही त्याच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण त्या मंगळवारी दुपारपर्यंत मलाही ती नव्हती.

माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयात झाली. बरीच वर्षे नक्कल विभागात आणि शेवटची रेकॉर्ड रूममध्ये. निवृत्तीनंतर नंदाखाल गावातल्या घरी मी केळीची वाडी पाहतो आणि पत्रे लिहितो. बंद पथदिवा, आगाशीची न आलेली बस, रस्त्यावर वाहणारी जलवाहिनी, असा कोणताही विषय माझ्या पत्रव्यवहारातून सुटलेला नाही. घरातली माणसे याकडे कौतुकाने पाहतात असे म्हणता येणार नाही.

मुलगी आता बहुतेक दिवस घरूनच काम करते. तिची कंपनी वकिलांच्या कचेऱ्यांसाठी संगणकप्रणाली तयार करते. या कामाला लागली तेव्हा एके दिवशी जेवताना तिने मला विचारले होते, "पप्पा, मुदत कशी मोजतात हो?" आमच्या घरची बोली वेगळी आहे, इथे ती सर्वांना कळेल अशा मराठीत उतरवतो आहे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत साहेबांपासून पक्षकारांपर्यंत कोणीही मला हा प्रश्न केवळ जाणून घेण्यासाठी विचारला नव्हता. ज्याने त्याने विचारला तो मुदत संपून गेल्यावर. मी हात धुतला, भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून ताटाशेजारी ठेवले आणि तिला नियम सांगितला. ज्या दिवसापासून मोजायचे तो पहिला दिवस सोडायचा. मधले सगळे दिवस धरायचे. रविवार असो, सण असो, मधल्या सुटीला काही किंमत नाही. मात्र शेवटच्या दिवशी न्यायालयाचे दार बंद असेल, तर ते उघडेल तो दिवस मुदतीत धरायचा.

तिने या नियमाचा एक छोटा घटक लिहिला. वकिलाने आदेशाची तारीख टाकली की हा घटक शेवटची तारीख सांगतो. तो कंपनीच्या भांडारात गेला, त्याला क्रमांक मिळाला आणि कंपनीच्या निरनिराळ्या प्रणाली तिथून तो उचलू लागल्या. आपण सांगितलेला नियम कुठेतरी अनेकांच्या कामी येतो आहे, याचे मला वाडीत पाणी सोडताना मधूनच बरे वाटत असे.

त्या मंगळवारी दुपारी ती खोलीतून बाहेर आली आणि पडवीतल्या बाकावर बसली. जेवायला चल म्हटले तर हलली नाही.

"सगळ्यांसमोर माझं नाव वाचलं," ती म्हणाली. "मुदतीचा घटक मी न तपासता बदलला म्हणे. एका वकिलाला शेवटची तारीख पुढची दिसली. ते काल अपील दाखल करायला गेले, तर मुदत गेल्या आठवड्यातच संपलेली."

"आणि तू बदललास?"

"मी त्याला हातही लावला नाही. पण नोंदीत माझीच किल्ली दिसते."

कंपनीचे संपूर्ण भांडार लवकरच तिच्याकडे सोपवले जाणार होते. ते आता थांबवले होते. चूक मान्य असल्याचे तिने लिहून द्यावे, मग पुढचे पाहू, असे तिला सांगण्यात आले होते. त्या वकिलासाठी विलंब माफीचा अर्ज करता येईल हे मला माहीत होते. माझ्या मुलीवर आलेल्या या ठपक्याविरुद्ध कोणता अर्ज कोणाकडे करायचा, हे मला माहीत नव्हते.

मी आत जाऊन कोरे कागद आणि पेन घेऊन आलो.

"अहो, आधी काय झालंय ते समजून तरी घ्या," तिची आई म्हणाली. "पथदिव्याचं पत्र तुम्ही पाणीपुरवठ्याला पाठवलं होतंत. त्यांनी पाण्याची वेळ बदलली, दिवा तसाच."

मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "पप्पा, पत्र नंतर. आधी तुम्हाला भांडार दाखवते. समजलं तर लिहा."

ही अट मी मान्य केली, आणि रागाच्या भरात बसलो तो रागाची आठवणही न होता दिवे लागेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

भांडार म्हणजे काही इमारत नव्हे. दूरच्या, भाड्याने घेतलेल्या संगणकांवर ठेवलेला हा साठा. त्याला ते लोक क्लाउड म्हणतात. पडद्यावर मला एक लांबलचक सूची दिसली. प्रत्येक ओळीत एक नाव आणि नावापुढे क्रमांकांची माळ.

"यातलं तुम्ही लिहिलेलं किती?" मी विचारले.

"थोडंच. बाकीचं जगभरातल्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं. त्याला पॅकेज म्हणतात. तारीख वाचणारं एक, बेरीज करणारं एक, छापणारं एक. ही आपली खाजगी फळी आणि ही सार्वजनिक. सार्वजनिक पॅकेज एकदा मागवलं की त्याची एक प्रत इथे राहते. उद्या मूळ ठिकाणाहून ते नाहीसं झालं तरी आपलं काम अडत नाही."

"म्हणजे नक्कल विभाग."

"हो, तसंच."

"मग नक्कल खरी आहे हे कोण सांगतं? सही कुठे, शिक्का कुठे?"

तिने मला ठसा दाखवला. प्रत्येक पॅकेजच्या मजकुरावर गणित करून अक्षरे आणि आकडे यांची एक निरर्थक दिसणारी ओळ काढतात. मजकूर तोच, तर ओळ तीच. मला हे पटेना. तिच्या संगणकावर माझे जलवाहिनीविषयीचे एक पत्र टंकलेले होते. मी म्हटले, याचा ठसा काढ. तिने काढला. मी म्हटले, आता शेवटचा पूर्णविराम पुसून पुन्हा काढ. दुसरा ठसा आला, आणि पहिल्याशी त्याचे दूरचेही नाते दिसत नव्हते. पूर्णविराम परत घातला, पहिला ठसा जसाच्या तसा परतला. मग मी "सविनय" हा शब्द काढायला लावला, तारीख बदलायला लावली, दोन शब्दांमधली एक मोकळी जागा वाढवायला लावली. प्रत्येक वेळी नवा ठसा. नक्कल विभागात मी अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने बोट फिरवायचे, असे करत वर्षे काढली. इथे बोट फिरवण्याचे ते सगळे काम एका ओळीत उरकत होते. मला हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.

"पप्पा, आता पुरे," ती म्हणाली. "महापालिकेचं पत्र आहे ते, त्याला किती छळाल?"

"एक शेवटचं. तुझा घटक बदलला तेव्हा हा ठसा ओरडला का नाही?"

"सार्वजनिक पॅकेजचा ठसा आम्ही तपासतो. खाजगी फळीवरच्यांची तपासणी बंद ठेवली होती. आपल्याच माणसांनी लिहिलेलं, म्हणून."

परक्याची झडती आणि घरच्याला मोकळीक. आमच्या गावात तरी मी याला नावे ठेवू शकत नाही. पण क्रमांकाचे मला राहवेना. न्यायालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाला निशाणी, म्हणजे नोंदीचा क्रमांक, पडते. निशाणी पडली की तो कागद बदलता येत नाही. सुधारणा हवी तर नवा कागद, नवी निशाणी, जुना जागेवरच. तीच निशाणी कायम ठेवून कागद पालटणाऱ्याची नोकरी जाते, आणि ती गेलीच पाहिजे.

"इथे निशाणी तीच ठेवून मजकूर पालटता येतो?"

"कुलूप लावलं तर नाही. एकदा ठेवलेली आवृत्ती मग कोणालाच बदलता येत नाही. पण प्रत्येक दुरुस्तीला नवा क्रमांक द्यायचा म्हणजे तो घटक वापरणाऱ्या सगळ्या प्रणालींत क्रमांक बदलावा लागतो. घाईत ते जड जातं. म्हणून सर म्हणाले, सध्या उघडंच राहू द्या."

"आणि किल्ली?"

ती ओशाळली. भांडारात वस्तू ठेवण्याच्या परवान्याला ते टोकन म्हणतात. ते तिच्या नावावर निघालेले होते. नाताळच्या सुटीत काम अडू नये म्हणून तिने ते तुकडीतल्या सर्वांना दिले, आणि नंतर परत कोण मागतो?

"आपल्या मोटारखोलीसारखं झालं, पप्पा."

आमची विहीर तीन घरांची सामाईक आहे. मोटारखोलीची किल्ली आमच्या पडवीच्या खिळ्यावर असते. ज्याची पाण्याची पाळी तो येतो, किल्ली नेतो, परत अडकवतो. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. मागे मोटार जळली तेव्हा तिन्ही घरांनी माझ्याच तोंडाकडे पाहिले होते, कारण किल्ली आमच्या खिळ्यावरची. शेजारपाजाऱ्यांत सहज चालणारी ही रीत माझ्या मुलीने कंपनीत नेली होती. तिला दुसरी ठाऊकच नव्हती. मी तिला रागवायला तोंड उघडले आणि माझी नजर खिळ्याकडे गेली. त्या वेळीही किल्ली जागेवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचा तो सहकारी जूचंद्रहून दुचाकीवर आला. पडवीत उभा राहून हेल्मेट हातात फिरवत म्हणाला, "काका, ते मीच केलं."

"बसा," मी म्हणालो. "कोणत्या हेतूने केलंत?"

"पप्पा, कोर्ट नका भरवू," मुलगी म्हणाली.

"भरवू दे गं, माझं चुकलंय," तो म्हणाला. "काका, एका क्लायंटची तक्रार होती की तारखा लवकरच्या दाखवतोय. मी बघितलं तर मधल्या सुट्ट्या पण मोजल्या होत्या. मला वाटलं हिची चूक. आमच्या रजेत मधला रविवार धरत नाहीत ना! म्हटलं, कोर्ट तरी कशाला धरेल? काढून टाकल्या सगळ्या सुट्ट्या."

"ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्यासुद्धा?"

"सगळ्याच. त्यामुळे त्या वकिलाची तारीख पुढे सरकली."

"आणि क्रमांक?"

"नवा द्यायला वेळ नव्हता, ब्रो... म्हणजे काका. सॉरी."

माझी पत्नी आतून सुकेळी घेऊन आली; वाळवलेली ही केळी आमच्या वाडीतली. "खा रे," ती म्हणाली. "हे असेच विचारत राहणार. पोस्टमनलाही सोडत नाहीत."

तो खात खात सांगत राहिला आणि त्यातून मला हवे ते मिळाले. स्वतःची किल्ली त्याने मागितली होती. "नंतर बघू" असे उत्तर आले होते. आणि त्या मंगळवारी सभा सुरू होण्यापूर्वीच त्याने प्रमुखांना फोन करून सांगितले होते, की बदल माझा आहे. "मी बघतो," ते म्हणाले होते. मग सभेत त्यांनी माझ्या मुलीचे नाव वाचले.

माझ्या मनातल्या यादीत हा तरुण पहिल्या क्रमांकावर होता. सुकेळी संपेपर्यंत तो खाली आला. वगळला मात्र नाही.

तो होता तोवरच आम्ही एक गोष्ट करून पाहिली. मुलीच्या संगणकावर तो घटक पूर्वी कधीतरी उतरवलेला होता, त्यामुळे मूळ प्रत तिच्यापाशी शिल्लक होती. भांडारातली प्रत आणि ही प्रत, दोन्हींवर नाव तेच, क्रमांक तोच, ठसे वेगळे. तिने दोन्ही शेजारी शेजारी चालवल्या आणि तारखा मी सांगत गेलो. आधी साधी मुदत. मग मध्ये होळी येणारी. मग शेवटचा दिवस रविवारी पडणारी. मग शेवटचा दिवस गुड फ्रायडेला पडणारी, कारण त्याला लागून शनिवार आणि रविवार येतात. मूळ प्रत प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देत होती. बदललेली प्रत साध्या मुदतीत बरोबर होती आणि मध्ये सुटी आली की पक्षकाराला थोडे थोडे जास्त दिवस बहाल करत होती. इतके उदार न्यायालय मी कधी पाहिले नाही.

"काका, अजून एक केस द्या ना," तो तरुण पुढे सरकून म्हणाला. आपणच आरोपी आहोत हे तो विसरून गेला होता. मीही विसरलो होतो.

मुलीने हे सर्व संगणकावरच्या बैठकीत प्रमुखांपुढे मांडले. मी त्या वेळी खोलीच्या दाराशी, पडद्यावर दिसणार नाही असा बसलो होतो. बोलणार नाही असे वचन तिने माझ्याकडून घेतले होते. प्रमुखांनी ऐकून घेतले. कुलूप त्याच दिवशी लागले, प्रत्येकाला स्वतंत्र किल्ली मिळाली, खाजगी फळीचे ठसेही तपासले जाऊ लागले. माणूस कामात कच्चा नाही, हे मी नोंदवतो. मग ते म्हणाले, "ती चुकीची आवृत्ती पुसून टाका. विषय संपला."

"पुसत नाही, सर," माझी मुलगी म्हणाली. "दुरुस्त घटक नव्या क्रमांकाने ठेवते. जुन्यावर 'वापरू नये' असा शेरा मारते आणि का ते खाली लिहिते. ती ज्यांनी आधीच उतरवून घेतली आहे, त्यांना कळायला नको?"

वचन मोडण्याच्या मी अगदी जवळ आलो होतो. रेकॉर्ड रूममध्ये चुकीचा शब्द एकाच आडव्या रेघेने खोडतात, खालचा शब्द वाचता यावा अशा बेताने, आणि शेजारी आद्याक्षरी करतात. पांढरा रंग फासत नाहीत. हे मी तिला कधी सांगितल्याचे मला आठवत नाही. बहुधा ते तिचे तिला कळले होते.

भांडाराचे काम असे मार्गी लागले. अहवालाचे तसे झाले नाही. त्यानंतरच्या सोमवारी मुलगी पडवीत आली आणि म्हणाली, "पप्पा, अहवालातून माझं नाव काढलं. लिहून द्यायचं म्हणत होते, तेही आता नको म्हणाले. झालं, सुटले."

"सभेत सांगितलं?"

"नाही. फाइल बदलली फक्त."

"नाव तेच?"

"हो."

"तारीख तीच?"

तिने माझ्याकडे पाहिले. त्याच नावाखाली, त्याच तारखेखाली, दुसराच मजकूर. जो अपराध त्या अहवालात लिहिला होता, तोच त्या अहवालाच्या बाबतीत करण्यात आला होता. आणि पहिली प्रत? ती त्या मंगळवारी सभेत ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात उतरलेली होती. त्यांना दुसरी कोणी पाठवली नव्हती. त्यांच्या लेखी माझी मुलगी आजही न तपासता घटक बदलणारी अभियंता आहे, आणि भांडार तिच्याकडे सोपवण्याचे अजून थांबलेलेच आहे.

"मला वाटलं तेवढं पुरेसं आहे," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "नाहीये ना?"

तिची आई आतून म्हणाली, "अहो, आता लिहा."

हा मजकूर मुलीने वाचला आहे. कोणाचे नाव लिहायचे नाही, ही तिची अट मी पाळली. प्रमुखांविषयीचे एक वाक्य तिने खोडले. एकाच आडव्या रेघेने, शेजारी आद्याक्षरी करून. माझ्या हस्तलिखितात ते खाली अजून वाचता येते.

राग आहे, तो लपवत नाही. पण रागापेक्षा मला जाणून घ्यायचे आहे, आणि ज्यांच्यापाशी उत्तर आहे असे या जगात एकच गृहस्थ आहेत. म्हणून तुकडीप्रमुखांना उद्देशून लिहितो.

महोदय, सभा सुरू होण्यापूर्वी खरे काय ते आपल्याला कळलेले होते. तरीही नोंदीतले नाव आपण वाचले. ते वाचायला सोपे होते म्हणून, की ते नाव विरोध करणार नाही असे आपल्याला वाटले म्हणून? भांडारात क्रमांक तोच ठेवून वस्तू बदलता येणार नाही, असा नियम आपण स्वतः केला. तो आपल्या अहवालाला का लागू नाही? माझी मागणी अशी की पहिला अहवाल जसा होता तसा जागेवर परत ठेवावा, त्यावर चूक असल्याचा शेरा मारावा, दुरुस्त अहवाल नव्या क्रमांकाने आणि नव्या तारखेने काढावा, आणि ज्या सभेत माझ्या मुलीचे नाव वाचले त्याच सभेत, त्याच लोकांसमोर, तो आपण स्वतः मोठ्याने वाचून वरील दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आजचा दिवस सोडून आपल्याला वाजवी वाटेल ती मुदत आपणच ठरवा. मधल्या सुट्या धरल्या जातील.